सी भाषेत मराठी स्ट्रिंगवरून पॉइंटर चालवताना तुटणारी अक्षरे आणि न थांबणारा लूप

सभासदांची नावे एका अरुंद रकान्यात छापणारा एक जुना सी प्रोग्राम माझ्याकडे देखभालीसाठी आला, तेव्हा तक्रार अशी होती की काही नावांच्या शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते, काही नावे व्यवस्थित येतात, आणि महिन्यातून एखाद्या वेळी तोच प्रोग्राम कोणत्याही कारणाशिवाय अडकून बसतो. यापूर्वी दोघांनी ही चूक दुरुस्त केली होती आणि दोन्ही वेळा ती वेगळ्या रूपात परत आली होती. मूळ दोष एकच आहे, पण तो तीन-चार थरांत लपतो आणि एक थर साफ केला की खालचा दिसू लागतो. म्हणून येथे त्याच क्रमाने लिहीत आहे.

प्रथम, काही नावेच का बिघडतात, ते पाहू. नावासाठी ३१ बाइटांचा ॲरे, म्हणजे मेमरीतली सलग जागा, होता; मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट सोडल्यास ३० बाइट. यूटीएफ-८ या, मजकूर बाइटांत साठवण्याच्या आजच्या प्रचलित पद्धतीत, मराठीत लागणारे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि ३० ला तीनने पूर्ण भाग जातो. त्यामुळे मोकळी जागा नसलेला कितीही लांब शब्द दिला तरी छाट बरोबर चिन्हाच्या सीमेवर पडत असे. मोकळी जागा मात्र एकाच बाइटाची असते. ‘सदाशिव रामचंद्र’ या नावात ‘सदाशिव’चे १८ बाइट, मोकळ्या जागेचा एक आणि ‘राम’चे ९ असे २८ बाइट होतात, आणि उरलेल्या दोन बाइटांत ‘च’चा दोन-तृतीयांश भाग येतो. तेच ते प्रश्नचिन्ह. आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याने चाचणीसाठी एकाच शब्दाची नावे घेतली होती, म्हणून त्याला दोष कधी दिसलाच नाही.

जेव्हा मराठी मजकूर १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेत-मानकात साठवला जाई, तेव्हा एक चिन्ह साधारणपणे एका बाइटात बसे आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या एका जागेचा पत्ता धरणारा चल, एकाने वाढवणे पुरेसे होते. त्या काळात लिहिलेला कोड आज यूटीएफ-८ वर चालवला जातो, तो कंपाइलही होतो, इंग्रजी मजकुरावर अचूक चालतो, आणि मराठीवर घसरतो.

आधी बाइट डोळ्यांनी पाहा

कोणताही तर्क लढवण्यापूर्वी स्ट्रिंगमधील प्रत्येक बाइट अंकांत छापून पाहावा. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो. त्यात कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेली सुटी चिन्हे, पाच आहेत, ती म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी, आणि बाइट पंधरा आहेत:

म: २२४ १६४ १७४
र: २२४ १६४ १७६
ा: २२४ १६४ १९०
ठ: २२४ १६४ १६०
ी: २२४ १६५ १२८

‘स्ट्रलेन’ हे लांबी मोजणारे फंक्शन १५ सांगते, आणि ते खोटे बोलत नाही, कारण त्याला बाइटच विचारलेले असतात. तीन, पाच आणि पंधरा या तीन आकड्यांपैकी आपल्याला कोणता हवा आहे, हे ठरवल्याशिवाय पॉइंटर हलवू नये. मेमरी राखण्यासाठी पंधरा, एका मानकातून दुसऱ्यात नेण्यासाठी पाच, आणि रकान्यात नाव बसवण्यासाठी तीन, असा ढोबळ हिशोब आहे.

छापताना वरील आकड्यांऐवजी उणे ३२, उणे ९२, उणे ८२ असे काही दिसले, किंवा सोळाच्या पायात छापल्यावर प्रत्येक बाइटापुढे सहा वेळा ‘एफ’ आले, तर पहिला थर सापडला. साधा ‘कॅर’ हा एका बाइटाचा प्रकार चिन्हासहित (उणे किमतीही असणारा) धरायचा की चिन्हरहित (उणे किमती नसणारा), हे सी मानकाने कंपाइलरवर सोडले आहे. इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांवर जीसीसी हा कंपाइलर तो चिन्हासहित धरतो, तर एआरएमवरील लिनक्समध्ये तो चिन्हरहित असतो. म्हणून ‘बाइट २२४ किंवा अधिक असल्यास तीन पावले पुढे जा’ अशी अट रास्पबेरी पायसारख्या एआरएम यंत्रावर बरोबर चालते आणि लॅपटॉपवर कधीच खरी ठरत नाही. उपाय सोपा आहे: स्ट्रिंगवरून चालणारा पॉइंटर सुरुवातीलाच ‘अनसाइन्ड कॅर’कडे निर्देश करणारा करून घ्यावा. ‘इज-अल्फा’सारख्या अक्षर ओळखणाऱ्या फंक्शनांना उणे किंमत देणे, फाइल संपल्याची खूण असलेला एक ईओएफ वगळता, मानकानुसार अनिर्धारित वर्तन आहे, त्यामुळे तो धोकाही याच बदलाने टळतो.

हाताने चालवले तर बरोबर, क्रॉनमधून चूक

दुसरा थर लोकेलचा, म्हणजे भाषा आणि संकेत-पद्धत ठरवणाऱ्या सेटिंगचा. ‘एमबीलेन’, ‘एमबीआरलेन’, ‘एमबीआरटोडब्ल्यूसी’ ही मानक फंक्शने पुढचे चिन्ह किती बाइटांचे आहे ते सांगतात, परंतु ती यूटीएफ-८ गृहीत धरत नाहीत, तर चालू लोकेलला विचारतात. सी प्रोग्राम सुरू होतो तेव्हा तो नेहमी ‘सी’ याच लोकेलमध्ये असतो, मग टर्मिनलमध्ये काहीही ठरवलेले असो. ‘सेटलोकेल’ला रिकामी स्ट्रिंग देऊन बोलावले, तरच पर्यावरणातील लोकेल लागू होते. ते विसरल्यास कोणी लायब्ररी पहिल्याच मराठी बाइटावर त्रुटी देते, तर कोणी प्रत्येक बाइटाला स्वतंत्र चिन्ह मानून एक-एक पाऊल टाकते, आणि तपासणाऱ्याचा गोंधळ वाढतो.

‘सेटलोकेल’ बोलावले तरी काम संपत नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामाला अनेक ठिकाणी ‘लँग’ हा पर्यावरण-चल मिळतच नाही, आणि किमान आकाराच्या कंटेनर प्रतिमेत मराठीचे लोकेल स्थापितच नसते. जे लोकेल मागितले ते उपलब्ध नसेल तर ‘सेटलोकेल’ नल, म्हणजे कोठेही निर्देश न करणारा, पॉइंटर परत देते आणि प्रोग्राम मुकाट्याने ‘सी’ लोकेलमध्येच पुढे चालतो. हा नल तपासणारा कोड मी क्वचितच पाहिला आहे. निदानासाठी ‘एमबी-कर-मॅक्स’ची, म्हणजे एका चिन्हाला लागू शकणाऱ्या कमाल बाइटांची, किंमत छापावी: ती १ आली तर लोकेल लागलेले नाही, आणि लिनक्सच्या जीलिबसी या मानक लायब्ररीमध्ये यूटीएफ-८ लोकेल लागले असल्यास ती ६ येते. विंडोजवर यूटीएफ-८ लोकेलची सोय विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

माझे मत विचाराल तर, फाइल यूटीएफ-८ मध्येच आहे याची खात्री असेल तेव्हा लोकेलच्या वाटेला जाऊ नये आणि पाऊल मोजणारे छोटे फंक्शन स्वतः लिहावे. वापरकर्त्याच्या टर्मिनलचे मानक कोणते असेल हे ठाऊक नसेल, तेव्हाच ‘एमबीआरलेन’चा आधार घ्यावा.

पॉइंटर मागे का जातो

आता खरा त्रासदायक थर. प्रोग्राम अडकून बसण्याचे कारण येथे सापडले. लूप साधा होता: ‘एमबीलेन’ला विचारायचे, आणि आलेला आकडा पॉइंटरमध्ये मिळवायचा. बाइटांचा क्रम अवैध असेल तर हे फंक्शन उणे एक परत करते. तो उणे एक पॉइंटरमध्ये मिळवला की पॉइंटर एक बाइट मागे जातो.

वर छाटलेले ‘सदाशिव राम’ आणि त्यापुढचे लोंबकळणारे २२४ आणि १६४ हे दोन बाइट घ्या, आणि पुढे स्वल्पविराम आहे असे समजा. पॉइंटर २२४ वर येतो. पुढे तीन बाइटांचे चिन्ह पूर्ण होत नाही, म्हणून उणे एक. पॉइंटर ‘म’च्या शेवटच्या बाइटावर, म्हणजे १७४ वर जातो. त्या बाइटापासून कोणतेही चिन्ह सुरू होऊ शकत नाही, म्हणून पुन्हा उणे एक. मग १६४, पुन्हा उणे एक. मग ‘म’चा पहिला बाइट २२४, येथे सारे ठीक, फंक्शन तीन परत करते, आणि पॉइंटर पुन्हा त्याच तुटलेल्या २२४ वर येऊन उभा राहतो. चार फेऱ्यांचे हे चक्र वीज जाईपर्यंत चालते. डीबगरमध्ये पॉइंटरचा पत्ता चार वेळा नोंदवून घेतला तेव्हा हा प्रकार माझ्या लक्षात आला. नुसत्या कोडकडे पाहून तो दिसला नव्हता.

यावर आधीच्या कोणीतरी ‘एमबीआरलेन’ वापरण्याची दुरुस्ती केली होती आणि ‘परत आलेली किंमत शून्यापेक्षा कमी असल्यास थांबा’ अशी अटही घातली होती. ‘एमबीआरलेन’ मात्र ‘साइझ-टी’ हा चिन्हरहित प्रकार परत करते, त्यामुळे ती किंमत कधीही शून्यापेक्षा कमी असू शकत नाही आणि ती अट कोडमध्ये नुसती शोभेला उरते. त्रुटी दाखवणारी किंमत ही उणे एकचे ‘साइझ-टी’त केलेले रूपांतर असते आणि तिच्याशी थेट समानता तपासावी लागते. जीसीसीला ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हा पर्याय दिला तर ही तुलना नेहमीच खोटी असल्याचा इशारा कंपाइलर स्वतः देतो. तो इशारा येथे बंद करून ठेवलेला होता.

परत येणाऱ्या चारही प्रकारच्या किमती पॉइंटर हलवण्यापूर्वी वेगळ्या कराव्या लागतात. शून्य आल्यास स्ट्रिंग संपली आहे. लांबीवर चालणाऱ्या बफरमध्ये मधेच शून्य बाइट असेल आणि हे तपासले नसेल, तर पॉइंटर जागचा हलत नाही. एक किंवा अधिक आल्यास तेवढे पुढे जावे. उणे एकचे रूपांतर आल्यास बाइट अवैध आहे: अशा वेळी त्या बाइटाचे स्थान नोंदवावे, पॉइंटर नेमका एक बाइट पुढे न्यावा, आणि अर्धवट वाचलेल्या चिन्हाची नोंद ठेवणाऱ्या ‘एमबीस्टेट-टी’ची स्थिती ‘मेमसेट’ने शून्य करावी, कारण त्रुटीनंतर ती स्थिती काय असेल याची हमी मानक देत नाही. उणे दोनचे रूपांतर आल्यास चिन्ह अपुरे आहे, चुकीचे नाही. त्याचा विचार पुढे केला आहे. फंक्शनला द्यायची कमाल लांबीही आठवणीने बफरमध्ये खरोखर उरलेल्या बाइटांएवढी द्यावी. शेवटचा शून्य बाइट नसलेल्या ॲरेवर तेथे ‘एमबी-कर-मॅक्स’ दिला, तर वाचन ॲरेच्या बाहेर जाऊ शकते.

तक्त्याने पाऊल टाकण्याचा मोह

लोकेल टाळण्यासाठी स्वतःचे फंक्शन लिहिणारे बहुतेक जण पहिल्या बाइटावरून पावलाची लांबी ठरवतात. तत्त्व बरोबर आहे: ० ते १२७ असल्यास एक, १९४ ते २२३ असल्यास दोन, २२४ ते २३९ असल्यास तीन, २४० ते २४४ असल्यास चार. १२८ ते १९१ हे फक्त मधले बाइट असतात, आणि १९२, १९३ व २४५ पासून पुढचे बाइट वैध यूटीएफ-८ मध्ये कधीच येत नाहीत. चूक होते ती यानंतर, मधले बाइट न पाहता उडी मारण्यात. स्ट्रिंग २२४, १६४, ० अशी संपत असेल आणि पॉइंटर तीन पावले गेला, तर तो शेवटच्या शून्यावरून पलीकडे पडतो, आणि जे थांबण्याचे चिन्ह होते तेच ओलांडल्यामुळे पुढे मेमरीत जे काही पडले असेल ते वाचत सुटतो. अडकलेला लूप निदान दिसतो. ही चूक शेजारच्या सभासदाचे नाव याच्या नावाला जोडून छापते आणि कोणाला लगेच कळत नाही.

म्हणून पुढचा प्रत्येक बाइट १२८ ते १९१ मध्ये आहे का, हे एकेक करून तपासावे. शून्य बाइट या कक्षेत नसल्याने तपासणी तेथे आपोआप थांबते. काटेकोरपणा हवा असेल तर २२४ नंतरचा बाइट १६० च्या खाली नसावा, २३७ नंतरचा १५९ च्या वर नसावा, २४० नंतरचा १४४ च्या खाली आणि २४४ नंतरचा १४३ च्या वर नसावा, एवढेही पाहावे. देवनागरीच्या मुख्य विभागात २२४ नंतर १६४ किंवा १६५ हेच बाइट येतात. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिची चिन्हे चार बाइटांची आहेत. पहिले मोडी अक्षर २४० १४५ १५२ १२८ असे लिहिले जाते. ‘मराठी म्हणजे तीन बाइट’ असे गृहीत धरणारा कोड मोडी दस्तऐवजांच्या लिप्यंतरावर म्हणूनच कोसळतो. विंडोजवर ‘डब्ल्यूकॅर-टी’ हा वाइड कॅरॅक्टरचा प्रकार १६ बिटांचा असल्यामुळे तेथे मोडीचे एक अक्षर त्या प्रकाराचे दोन घटक व्यापते, तेव्हा वाइड कॅरॅक्टरकडे वळल्याने तेथे हा प्रश्न सुटत नाही.

बफरच्या काठावर

फाइल ‘एफरीड’ने ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचली जात असेल, तर नुसत्या देवनागरी मजकुरात १,३६५ चिन्हे पूर्ण बसतात आणि एक बाइट उरतो. तो पुढच्या चिन्हाचा पहिला बाइट असतो. ‘एमबीआरलेन’ येथे उणे दोनचे रूपांतर देते आणि, हे महत्त्वाचे, पाहिलेले बाइट स्थितीत साठवून ठेवते. पुढच्या तुकड्याबरोबर तोच बाइट पुन्हा दिला तर तो दोनदा मोजला जाऊन अवैध ठरतो. मी उरलेले बाइट, जे यूटीएफ-८ मध्ये तीनपेक्षा जास्त असू शकत नाहीत, ‘मेममूव्ह’ने बफरच्या आरंभी आणतो, स्थिती शून्य करतो आणि त्यांच्या पुढे नवे वाचन जोडतो. यात थोडी नक्कल करावी लागते, परंतु सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला तो समजतो.

मागे जाणे आणि छाटणे

रकान्यात मजकूर बसवण्यासाठी पॉइंटर मागे न्यावा लागतो, आणि येथे यूटीएफ-८ ची रचना मदतीला येते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती आखताना मधला बाइट आणि पहिला बाइट यांच्या कक्षा पूर्णपणे वेगळ्या ठेवल्या, त्यामुळे मध्येच कोठेही पॉइंटर पडला तरी चिन्हाचा आरंभ शोधता येतो. जपानी शिफ्ट-जिसमध्ये तसे नव्हते: तेथे दोन बाइटांच्या चिन्हाचा दुसरा बाइट ९२, म्हणजे तिरक्या रेघेचाच संकेत, असू शकतो, आणि मागे येण्यासाठी सुरुवातीपासून चालत येण्यावाचून खात्रीचा मार्ग नसतो.

रीत अशी: जेथे छाटायचे त्या स्थानावरचाच बाइट पाहावा, त्याच्या आधीचा नव्हे, तो १२८ ते १९१ मध्ये असेल तोवर, आणि पॉइंटर स्ट्रिंगच्या आरंभापुढे असेल तोवर, एकेक बाइट मागे यावे, थांबू तेथे शून्य ठेवावे. ‘मराठी’ दहा बाइटांत बसवायचे असेल तर दहाव्या क्रमांकावर, शून्यापासून मोजता, १६४ आहे. एक पाऊल मागे २२४ सापडतो आणि तेथे छाटल्यावर नऊ बाइट उरतात. ते छापले की ‘मरा’ असे येते. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष स्ट्रिंग म्हणजे वाचण्याजोगा मजकूर नव्हे, हे मला त्या दिवशी कागदावर पाहायला मिळाले.

आणि येथून पुढचा थर मराठीचा स्वतःचा आहे. ‘क्षेत्र’ हा शब्द आठ बाइटांत छाटला तर वरील रीतीने सहा बाइटांचे ‘क्’ उरते, कारण ‘क्ष’ हे एक अक्षर असले तरी कोड पॉइंट तीन आहेत. म्हणून कोड पॉइंटच्या सीमेवर आल्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. छाटीनंतर लगेच मात्रा, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता किंवा हलन्त येत असेल, तर ते आधीच्या अक्षराचे अंग आहे, तेव्हा आणखी मागे जावे. बाइटांत सांगायचे तर २२४ १६४ नंतर १२८ ते १३१, १८८, १९० किंवा १९१, आणि २२४ १६५ नंतर १२८ ते १४१. छाटीच्या आधी हलन्त, म्हणजे २२४ १६५ १४१, असेल आणि नंतर व्यंजन असेल, तरीही मागे जावे. ‘अर्थात्’नंतर मोकळी जागा असेल तर मात्र तो हलन्त शब्दाचाच आहे आणि त्याला हात लावू नये.

‘दऱ्या’ या शब्दाने माझा एक पूर्ण दिवस खाल्ला. काही कळफलक तो ऱ, हलन्त, य आणि काना वापरून पाच कोड पॉइंटांत, म्हणजे १५ बाइटांत लिहितात. काही कळफलक साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे २२६ १२८ १४१ हे बाइट, घालून ‘दर्‍या’ असे सहा कोड पॉइंटांत, १८ बाइटांत लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, स्ट्रिंगांची तुलना करणारे ‘स्ट्रकंप’ त्यांना वेगळे मानते, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे समतुल्य चिन्हांना एकच रूप देणे, केल्यानेही ते एक होत नाहीत. आधीच्या एका दुरुस्तीत ‘न दिसणारी निरुपयोगी चिन्हे’ म्हणून हे जोडचिन्ह सरसकट गाळले जात होते, आणि परिणामी डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होत होता. छाटणाऱ्या फंक्शनने या जोडचिन्हाला हलन्ताप्रमाणेच वागवावे, आणि गाळणाऱ्याने त्याला हात लावू नये.

यापुढचे नियम हाताने लिहू नयेत, असे मला वाटते. युनिकोडच्या १५.१ या २०२३ मधील आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम अक्षर-विभागणीत आला, आणि आयसीयू किंवा लिबयुनिस्ट्रिंगसारख्या लायब्ररीची पुरेशी नवी आवृत्ती असेल तर हे काम तिच्याकडे सोपवणे स्वस्त पडते. छोट्या यंत्रासाठी लायब्ररी बसत नसेल, तेव्हा वरील दोन नियमांवर मी समाधान मानतो.

दोन किरकोळ गोष्टी

‘प्रिंटएफ’मध्ये रुंदी आणि कमाल लांबी दोन्ही बाइटांत मोजली जातात, त्यामुळे दहा बाइटांची मर्यादा देऊन मराठी नाव छापले की तीन चिन्हे आणि चौथ्याचा एक बाइट बाहेर पडतो. आधी स्वतः छाटावे आणि मग मर्यादेशिवाय छापावे. दुसरे म्हणजे, मेमरी मागणाऱ्या ‘मॅलॉक’ने मिळालेला मूळ पॉइंटर कधीही हलवू नये. त्याची प्रत करून ती चालवावी, अन्यथा शेवटी ती मेमरी सोडणाऱ्या ‘फ्री’ला मधलाच पत्ता मिळतो आणि प्रोग्राम तेथे पडतो. स्ट्रिंगचे वाइड कॅरॅक्टरांत रूपांतर करणारे ‘एमबीएसआरटोडब्ल्यूसीएस’ तर काम पूर्ण झाल्यावर दिलेला पॉइंटर स्वतःच नल करते, म्हणून तेथे प्रत अनिवार्यच आहे.

आता कोणताही बदल देण्यापूर्वी मी सहा स्ट्रिंगा मेमरीबाहेरचे वाचन पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून चालवतो: रिकामी स्ट्रिंग, एक इंग्रजी शब्द, ‘सदाशिव रामचंद्र’, दोन्ही पद्धतींनी लिहिलेला ‘दऱ्या’ एकाच ओळीत, एक मोडी अक्षर, आणि २२४ या एकाच बाइटानंतर शून्य असलेली, नेमक्या दोनच बाइटांच्या मेमरीत ठेवलेली स्ट्रिंग. माझ्या स्वतःच्या पहिल्या दोन आवृत्त्या शेवटच्या स्ट्रिंगवरच पडल्या.